मतदान केंद्राचा उंबरठा



दिनांक १३ मे २०२४ रोजी पुणे लोकसभा मतदारसंघात मतदान झाले. वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ या सहा विधानसभा क्षेत्रांतील मतदारांची संख्या वीस लाखांहून अधिक होती. एवढ्या मोठ्या शहरात पोलिसांवाचून मतदान सुरळीत पार पडणे शक्य नाही. तथापि, निवडणुकीतील पोलिसांचे सामर्थ्य बळाइतकेच संयमातही असते.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ यामध्ये १९८९ साली कलम २८-अ समाविष्ट झाले. निवडणुकीसाठी नेमलेला पोलीस अधिकारी अधिसूचनेच्या दिवसापासून निकाल जाहीर होईपर्यंत निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे त्यानुसार मानले जाते. सत्तारूढ पक्षही त्या काळात इतरांसारखाच एक स्पर्धक असतो. सर्वांना एकच माप लावता यावे, हा या तरतुदीचा अर्थ होय.

मतदानाच्या दिवशी केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचारास मनाई असते. ही मनाई पाळली जाते की नाही, हे पाहणे पोलिसांचे काम. उंबरठ्याच्या आत मात्र अधिकार चालतो तो मतदान केंद्राध्यक्षाचा. पुष्कळदा तो एखादा शिक्षक असतो. त्याने सुव्यवस्थेसाठी बोलाविल्याखेरीज पोलिसाने सर्वसाधारणपणे आत जावयाचे नसते. गुप्त मतदानाच्या जागी गणवेशाचा धाकही असू नये, हे त्यामागील तत्त्व.

खरी कसोटी सायंकाळी सहा वाजता लागते. रांगेतील शेवटच्या मतदारापासून पुढे क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटल्या जातात आणि रांगेच्या टोकाशी पोलीस उभा राहतो. उशिरा आलेला ओळखीचा असो वा वजनदार असो, त्यास रांगेत घ्यावयाचे नाही. चिठ्ठी मिळालेल्या वृद्धेस मात्र कितीही वेळ लागला, तरी मतदानावाचून परत धाडावयाचे नाही.

त्यानंतर मोहोरबंद यंत्रे बंदोबस्तात सुरक्षा कक्षात जातात. मतमोजणी ४ जून २०२४ रोजी झाली. म्हणजे मतदानापासून बावीस दिवस हा पहारा अहोरात्र चालला. उमेदवारांच्या प्रतिनिधींनाही त्यावर लक्ष ठेवण्याची मुभा असते. पहारेकऱ्यावरही लोकांची नजर असावी, यात त्याचा अवमान नाही.

पराभूत उमेदवाराने निकाल मान्य करावा, यासाठी अगोदर त्याचा प्रक्रियेवर विश्वास बसावा लागतो. तो विश्वास केंद्राध्यक्ष खोलीच्या आत राखतो, तर पोलीस शिपाई उंबरठ्याबाहेर. गावची निवडणूक असो वा लोकसभेची, दोघांनी आपापली मर्यादा ओळखली म्हणजे मतदार निर्भय होतो.