लग्नाला नगरला येताय?

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडं मंगल कार्यालयांची दारं उघडतात, ती पावसाळ्याच्या तोंडाशीच मिटतात. या दिवसांत मुंबई-पुण्याकडून, नागपूर-इंदुरकडून पाहुणे येतात. अक्षता टाकतात, जेवतात, घड्याळ पाहतात आणि निघतात. फार तर वाट वाकडी करून शिर्डी आणि शिंगणापूर. घरी जाऊन सांगतात, "नगरला काय, नुसतं ऊन!" ऊन आहे हे मी नाकारत नाही. पण त्यापलीकडंही काही आहे आणि तेच आज सांगायचं आहे.

पहिली गोष्ट पत्रिका नीट वाचण्याची. "नगर जिल्ह्यात लग्न आहे" एवढ्यावर निघू नका. क्षेत्रफळानं हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. तालुके चौदा. अकोल्यात लग्न असेल तर भंडारदरा आणि कळसूबाई शेजारी. जामखेडला असेल तर जिल्ह्याचं दुसरं टोक. दुसरी गोष्ट नावाची. २०२४ पासून शहराचं आणि जिल्ह्याचं अधिकृत नाव अहिल्यानगर आहे, कारण अहिल्यादेवी होळकरांचा जन्म १७२५ साली इथल्याच चौंडी गावी झाला. जुन्या कागदांवर अहमदनगर सापडेल आणि कंडक्टर मात्र "नगर, नगर" असंच ओरडेल. तिन्ही एकच. तिसरी गोष्ट एस.टी.ची. शहरात माळीवाडा, तारकपूर आणि पुणे बसस्थानक अशी तीन ठिकाणं आहेत. कुठं उतरायचं आणि परतीची गाडी कुठून, हे यजमानांना आधीच विचारा. नाहीतर आहेराची पिशवी घेऊन भर दुपारी रिक्षा शोधावी लागते.

आता मुहूर्ताचं. पत्रिकेत बारा पस्तीस छापलेलं असतं. पण व्यासपीठावर मान्यवरांची आशीर्वादपर भाषणं सुरू झाली की बारा पस्तीसचा दीड कधी होतो ते भटजींनाही कळत नाही. म्हणून माझा सल्ला असा की आदल्या दिवशी या. हळदीलाही हजेरी लागेल आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ तुमच्या हातात राहील.

त्या सकाळी उजाडता उजाडता शहराच्या पूर्वेला, तेरा-एक किलोमीटरवरच्या डोंगरावर चला. तिथल्या अष्टकोनी इमारतीला सगळे "चांदबीबीचा महाल" म्हणतात. ती खरं तर मूर्तिजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर. नाव चांदबीबीचं पडलं ते लोकांच्या प्रेमानं. १५९५-९६ मध्ये मोगलांनी वेढा घातला तेव्हा या बाईनं नगरचा किल्ला लढवला. किल्ला पडला तो १६०० साली, तिच्या मृत्यूनंतर. वर वारा सुटलेला असतो आणि खाली सगळं नगर दिसतं. लहान मुलांना इथं जरूर आणा. फक्त सोबतचा खाऊचा कागद खाली परत न्या.

उतरल्यावर फराहबाग पाहा. १५८३ साली पूर्ण झालेला हा महाल तलावाच्या मधोमध बांधलेला. आज भोवतीचं तळं कोरडं आहे, पण भिंतींची उंची पाहिली की पाण्यात हे कसं दिसत असेल याची कल्पना येते. जवळच लष्कराचं रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ साली सुरू झालेलं. मुलांना तिथून बाहेर काढणं कठीण जातं.

दुपार टळली की भुईकोट किल्ला. तो लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवा. ९ ऑगस्ट १९४२ नंतर काँग्रेस कार्यकारिणीचे बारा नेते इथं स्थानबद्ध होते. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव आणि आपले शंकरराव देवही. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथंच १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत लिहिलं. म्हणजे ज्या उन्हाला आपण कंटाळतो, त्याच उन्हाळ्यात त्या पुस्तकाची सुरुवात झाली. वेळ उरलाच तर किल्ल्याजवळची दमडी मशीद पाहा. दगडातलं इतकं नाजूक कोरीवकाम सहसा दिसत नाही.

लग्न शहरात नसेल तरी बिघडत नाही. पारनेरकडं असेल तर निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहा. कर्जतकडं असेल तर रेहेकुरीला काळवीट आणि भीमेकाठी सिद्धटेकचा गणपती. नेवाशाला असेल तर ज्या खांबाला टेकून माउलींनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात, तो पैस खांब. दौंड रस्त्यानं जाणार असाल तर अरणगावजवळ मेहेराबाद, अवतार मेहेरबाबांची समाधी. लग्नात पंगत पंजाबी भाज्यांची असेलच; पण मुक्काम पाहुण्यांच्या घरी असेल तर बाजरीची भाकरी आणि हुलग्याची शेंगोळी मागून घ्या. यजमानीणबाई संकोचतील, पण मनातून खूश होतील.

आणि आता जे सांगायला मी मुख्यतः आलो आहे ते. अकोल्याचा डोंगराळ भाग सोडला तर हा जिल्हा पर्जन्यछायेचा. १९७२ चा दुष्काळ इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या अजून बोलण्यात येतो. दक्षिणेकडच्या अनेक गावांना उन्हाळ्यात टँकर लागतो आणि नेमकी तीच लग्नाची तिथी असते. टँकरवर जगणाऱ्या गावाला सरकारी हिशेब माणशी दिवसाला वीस लिटर पाण्याचा. म्हणजे बारा हजार लिटरचा एक टँकर सहाशे माणसांचा दिवस. मांडवात तोच टँकर स्वयंपाक, भांडी आणि हात धुण्यात दुपारपर्यंत रिकामा होतो. मुलीचा बाप दुसरा मागवतो, पैसे मोजतो आणि पाहुण्यांसमोर हसतमुख उभा राहतो. त्याच वेळी खुर्च्यांखाली दोन घोट पिऊन टाकलेल्या बाटल्यांचा खच पडलेला असतो. त्या बाटल्यांकडं पाहून शेजारच्या वस्तीवरच्या बाईला काय वाटत असेल?

हे गाव पाण्याची किंमत जाणणाऱ्यांनी वसवलं आहे. १४९० साली अहमद निजामशहानं शहराचा पाया घातला. त्या घराण्याच्या काळात कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून मातीच्या खापरी नळांनी शहरात पाणी खेळवलं गेलं. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर शहरापासून सतरा-अठरा किलोमीटरवर हिवरे बाजार आहे. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर या गावानं पाणलोटाची कामं केली, शेतीसाठी बोअर घेणं बंद केलं आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिकं ठरवली. हात पसरणारं गाव स्वतःच्या पाण्यावर उभं राहिलं. लग्नाच्या निमित्तानं एक तास काढून हे गाव पाहाच.

म्हणून पाहुण्यांना विनंती आहे. बाटली घेतलीत तर संपवा किंवा बरोबर न्या. पेला अर्धाच भरून घ्या, लागलं तर पुन्हा मागा. यजमानांनाही सांगतो, दारात माठ मांडा, ओगराळं ठेवा, वाढायला चार पोरं उभी करा. त्यात कमीपणा नाही. पत्रिकेत "आपली उपस्थिती हाच आहेर" असं आपण छापतो. त्याखाली "पाणी जपून वापरावे ही विनंती" एवढी एक ओळ छापायला जास्तीचा खर्च येत नाही.

तेव्हा या, आदल्या दिवशी या, डोंगर चढा, किल्ला पाहा, भाकरी खा. नगरकर पाहुण्याला उपाशी पाठवत नाहीत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)