आकाशातले ठिपके आणि घरातले माणूस

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या सभेत आपण मुलांचे संगोपन, अल्पबचत, पावसाळ्यातील आहार अशा विषयांवर काही ना काही ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी मला आग्रह केला की, "कॅनडात तीन महिने राहून आलात, तर तिथले काही उपयोगाचे सांगा." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मोठमोठ्या इमारतींचे वर्णन मी करणार नाही. मी बोलणार आहे ती मुठीत मावणाऱ्या एका यंत्राबद्दल. ते विमानात ठेवतात, पण त्याचे निम्मे काम घरी बसलेल्या माणसाला करावे लागते. म्हणून तो आपला, बायकांचा विषय आहे असे मला वाटते.

माझे धाकटे दीर कॅनडाच्या पश्चिम भागात, ॲबट्सफर्ड या गावी नोकरी करतात. त्यांना विमान चालवण्याचा छंद आहे. विमान म्हणजे आपण मुंबईहून बसतो तसले नव्हे; चार माणसांचे, पुढे एकच पंखा असलेले. तिकडे अशी विमाने हौसेने व कामासाठी पुष्कळ लोक चालवतात. २०२३ साली धाकट्या जाऊबाईंच्या बाळंतपणासाठी मी तिकडे गेले होते. भावजी सुट्टीच्या दिवशी विमान घेऊन निघाले की घरात ती पोटुशी मुलगी आणि मी अशा दोघीच. जीव टांगणीला लागणे म्हणजे काय, ते तेव्हा समजले.

मोठ्या विमानांवर जमिनीवरून सतत लक्ष असते. लहान विमान डोंगरांच्या मधून, खालून जाते. तिथे रडारची नजर पोचत नाही आणि मोबाईलही लागत नाही. असे विमान कुठे उतरले किंवा पडले, तर शोधायचे कुठे, हाच पहिला प्रश्न असतो.

हा प्रश्न किती अवघड आहे त्याची दोन उदाहरणे सांगते. १९७२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या अलास्का प्रांतात बोग्ज आणि बेगिच हे तिथल्या संसदेचे दोन सभासद एका लहान विमानातून निघाले. आत एकंदर चार माणसे होती. ३९ दिवस शोध चालला, पण आजतागायत त्या विमानाचा पत्ता नाही. दुसरे उदाहरण स्टीव्ह फॉसेट यांचे. २००२ साली एकट्याने बलूनमधून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारा हा पहिला माणूस. ३ सप्टेंबर २००७ रोजी सकाळी ते नेवाडा प्रांतातून लहानशा विमानाने फेरफटका मारायला निघाले. कुठल्या वाटेने जाणार हे त्यांनी लेखी नोंदवले नव्हते. महिनाभर मोठा शोध झाला. शेवटी एक वर्षाने एका डोंगर चढणाऱ्या माणसाला त्यांची ओळखपत्रे सापडली, आणि १ ऑक्टोबर २००८ रोजी विमानाचे अवशेष मिळाले. एवढा कसलेला माणूस, पण मागे खूण राहिली नाही म्हणून घरच्यांना वर्षभर काही कळले नाही.

तुम्ही म्हणाल, विमानात धोक्याची सूचना देणारी पेटी नसते का? असते. तिला ई. एल. टी. म्हणतात. जोराचा आपटा बसला की ती आपोआप हाक मारू लागते आणि ती हाक उपग्रह ऐकतात. कॅनडा, फ्रान्स, अमेरिका आणि त्या वेळचा रशिया या चार देशांनी मिळून ही व्यवस्था उभारली. राजकारणात एकमेकांकडे पाठ फिरवणारे देश माणसे वाचवण्यासाठी एकत्र आले, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. १९८२ च्या सप्टेंबरात याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पडलेल्या विमानातील तिघांचा जीव रशियन उपग्रहाने ऐकलेल्या हाकेमुळे वाचला. आपला देशही या व्यवस्थेत आहे आणि बंगळूरला इस्रोचे केंद्र हे काम पाहते.

पण या पेटीला मर्यादा आहेत. आपटताना तिची तार तुटते, पेटी जळते किंवा पाण्यात बुडते, आणि मग ती मुकी होते. फॉसेट यांच्या विमानातही पेटी होती, पण तिची हाक कोणाला ऐकू आली नाही. शिवाय जुन्या पद्धतीच्या पेट्यांची हाक ऐकणे उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केले आहे.

इथे ते मुठीतले यंत्र उपयोगी पडते. त्याला ट्रॅकर म्हणतात. पेटी बोलते ती अपघात झाल्यावर. ट्रॅकर अपघातापूर्वीच बोलत असतो. तो उपग्रहांवरून स्वतःची जागा ओळखतो आणि ठराविक वेळाने ती जागा दुसऱ्या उपग्रहामार्फत घरी कळवतो. घरच्या पडद्यावर नकाशा असतो आणि त्यावर एकामागून एक ठिपके उमटतात. रांगोळीचे ठिपके जोडले की वेल दिसते, तशी विमानाची वाट दिसू लागते. विमान पडून यंत्राचा चुरा झाला तरी आधीचे ठिपके पुसले जात नाहीत.

ठिपके किती वेळाने पडावेत, याला फार महत्त्व आहे. माझ्या मुलीने मला याचे गणित करून दाखवले. विमान ताशी १८० किलोमीटर वेगाने जात असेल, तर १० मिनिटांत ते ३० किलोमीटर जाते. शेवटच्या ठिपक्यानंतर ते कोणत्याही दिशेला वळले असेल असे धरले, तर सुमारे २,८०० चौरस किलोमीटर मुलूख धुंडाळावा लागेल. तेच ठिपके दर २ मिनिटांनी पडत असतील, तर सुमारे ११३ चौरस किलोमीटर पुरेत. बर्फात जखमी होऊन पडलेल्या माणसाच्या दृष्टीने या दोन आकड्यांत जगण्यामरण्याचे अंतर आहे.

यंत्राला संकटाचे एक बटण असते. चुकून दाबले जाऊ नये म्हणून त्यावर झाकण असते. काही यंत्रांतून दोन्ही बाजूंनी निरोपही पाठवता येतात. यंत्राला आकाश दिसावे लागते, म्हणून भावजी ते समोरच्या काचेखाली ठेवत. बॅगेत तळाशी ठेवलेले यंत्र काय उपयोगाचे?

आता घरच्या माणसाचे काम. कॅनडाच्या कायद्याप्रमाणे लांब जाणाऱ्या वैमानिकाने आपली वाट सरकारी पद्धतीने नोंदवावी, नाहीतर एका जबाबदार व्यक्तीला सांगून ठेवावी. विमान वेळेवर पोचले नाही, तर त्या व्यक्तीने खबर द्यायची. आमच्या घरी ही जबाबदारी जाऊबाईंची. स्वयंपाकघरातल्या फळीवर एक कागद चिकटवलेला होता. कुठून कुठे, कोणत्या वाटेने, किती वाजता पोचणार, किती वाजेपर्यंत थांबायचे आणि मग कोणाला फोन करायचा, सारे त्यावर लिहिलेले. शेवटी व्हिक्टोरिया येथील बचाव केंद्राचा फोन नंबर.

एका दुपारी भावजी कॅमलूप्सला निघाले. वाट होप या गावावरून डोंगरात शिरते. ठिपके गावापुढे गेले, मग मागे वळले, आणि एके जागी थांबले. पुढचा ठिपका तिथेच, त्यापुढचाही तिथेच. माझे हातपाय गार पडले. जाऊबाई मात्र म्हणाली, "वहिनी, ठिपका थांबला हे नुसते बघायचे नाही, कुठे थांबला ते बघायचे." तिने नकाशा मोठा केला. ठिपका डोंगरावर नव्हता, होपच्या विमानतळाच्या गवती पट्टीवर होता. तरीही तिने फोन जवळ घेतला आणि कागदावरची वेळ पाहिली. १२ मिनिटांनी निरोप आला, "पुढे ढग आहेत. होपला उतरलो. काळजी नको."

त्या दिवसापासून मी चार गोष्टी पक्क्या मनात धरल्या आहेत. पहिली, निघण्यापूर्वी वाट आणि वेळ कागदावर लिहून घ्यावी. दुसरी, थांबायची मुदत आधीच ठरवावी; ती संपली की भीड न धरता खबर द्यावी. लोक हसतील म्हणून थांबणे घातक आहे. तिसरी, सुखरूप उतरल्याचा निरोप वैमानिकाने न चुकता पाठवावा. चौथी, यंत्र भारलेले आहे ना आणि त्याची वर्गणी चालू आहे ना, हे पाहावे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. हे यंत्र विमानाला पडू देत नाही असे नाही. ते फक्त शोधणाऱ्याला वाट दाखवते. यंत्र जवळ आहे म्हणून ढगात शिरण्याचे धाडस करणे शहाणपणाचे नाही. त्या दिवशी भावजींना वाचवले ते परत फिरण्याच्या निर्णयाने. आणि खिशात ट्रॅकर आहे म्हणून विमानातली पेटी काढून ठेवायची नसते; दोन्ही हवीत.

ज्यांची मुले-सुना परदेशी आहेत त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. आपल्या देशात अशी उपग्रहावरून निरोप देणारी यंत्रे सरकारी परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर असे यंत्र जवळ सापडल्याने परदेशी पाहुणे अडचणीत आल्याची बातमी आपण वाचली असेल. तेव्हा सुट्टीवर येणाऱ्या मुलाला "ते तिकडेच ठेवून ये" असे आधीच कळवावे.

भगिनींनो, विमान आपल्यापैकी थोड्यांच्याच घरी येईल. पण घरातले माणूस घाटात, समुद्रावर, दूरच्या प्रवासाला प्रत्येकीचे जाते. जाणाऱ्याने वाट सांगून जावे आणि राहणारीने ती नीट लक्षात ठेवावी, ही शिस्त यंत्राशिवायही पाळता येते. यंत्र कितीही हुशार असले तरी पडद्यावरचा ठिपका थांबल्यावर फोन उचलायला घरात एक जागे माणूस लागतेच. ते आपण व्हावे.