नर्सबाई ते महापौर



मी सातवी शिकलेली, चार बायकांत उभं राहून बोलण्याची सवय नाही. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं. विषय मिळाला आहे तो मुंबईच्या माजी महापौर किशोरीताई पेडणेकर यांचा.

त्या मूळच्या नर्स. २००२ साली पहिल्याने नगरसेविका झाल्या, पुढे २०१२ व २०१७ सालीही निवडून आल्या. २२ नोव्हेंबर २०१९ ला महापौर झाल्या, त्याही बिनविरोध. मला वाटे, महापौराला आपणच मत देतो. मुलगी हसली. म्हणाली, "आई, आपण नगरसेवक निवडतो, नि ते महापौर." शिवाय मान महापौरांचा, पण कारभाराच्या किल्ल्या आयुक्तांकडे. पंगतीत पहिलं पान सासूबाईंचं, कोठीची किल्ली सुनेच्या कमरेला! (आमच्याकडे दोन्ही सासूबाईंचंच होतं, ते असो.)

एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या दिवसांत, त्या नर्सचा गणवेश चढवून नायर रुग्णालयात गेल्या. कोणी त्याला देखावा म्हणाले. मी तेव्हा दाराची कडी काढायलाही भीत होते. मला तसं म्हणवत नाही.

पण खरं सांगू? आमच्या गल्लीतलं गटार दोन पावसाळे तुंबलं, तेव्हा आपली नगरसेविका कोण, हेच मला ठाऊक नव्हतं. मत यजमान सांगतील त्या चिन्हाला! २०१७ साली मात्र सगळी नावं स्वतः वाचली आणि माझ्या मनाने बटण दाबलं. घरी बोलले नाही. आज ते मागे सतरंजीवर बसले आहेत, म्हणजे आता कळलंच.