मरुभूमीतील कच्ची वाट

(पालघर येथील वार्षिक ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



१९६९ साली तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले, बोईसर परिसरात कारखानदारी वाढली आणि यंत्रविद्या शिकलेली आपली मुले देशोदेशी गेली. आमचे चिरंजीव ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे नोकरीस आहेत. गेल्या जुलैमध्ये, म्हणजे तेथील हिवाळ्यात, त्यांच्या मोटारीतून ऊडनडाटा नावाच्या वाटेने वाळवंट पाहण्याचा योग आम्हां उभयतांस आला.

ही वाट मारी गावापासून मार्ला गावापर्यंत सुमारे ६२० किलोमीटर आहे. डांबराचे नाव नाही. सारी माती, मुरूम आणि गोटे. मध्ये विल्यम क्रीक आणि ऊडनडाटा ही दोनच वस्तीची ठिकाणे. पालघरहून निघावे आणि सुरतेपर्यंत गाव लागू नये, पेट्रोल मिळू नये, असे प्रत्येक टप्प्याचे अंतर. चाकांनी रस्त्यावर पन्हळी पत्र्यासारख्या वळ्या पडतात. चाकांतील हवा थोडी कमी केली म्हणजे हादरे सौम्य होतात. पाऊस झाल्यास सरकार वाट बंद करते. तरीही गाडी घालणारास जबर दंड होतो. जवळच आयर सरोवर आहे. त्याचा तळ समुद्रसपाटीहून सुमारे १५ मीटर खाली असून ते बहुधा कोरडेच असते. आपल्या मिठागरांतील शुभ्रता क्षितिजापर्यंत पसरावी, तसे ते दिसते.

अशा प्रदेशात वाट पडली कशी? भूगर्भातील पाणी तेथे ठिकठिकाणी झऱ्यांच्या रूपाने वर येते. त्या झऱ्यांच्या माळेने मूळ रहिवासी पूर्वापार ये-जा करीत. १८५९ साली स्टुअर्ट हा संशोधक त्यांच्याच आधाराने गेला; १८७२ साली तारायंत्राची तार पुरी झाली, मागाहून आगगाडी आली. या कामी ओझी वाहिली ती उंटांनी. १८६६ साली कराचीहून शंभरावर उंट व ३१ उंटवाले तिकडे गेले. कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होती, हे ध्यानी घेतले म्हणजे ती भूमी तितकी परकी वाटत नाही.

मारीहूनच बर्ड्सव्हिलची दुसरी कच्ची वाट निघते. १९६३ च्या डिसेंबरात, ऐन उन्हाळ्यात, त्या बाजूस एक पाच जणांचे कुटुंब मोटारीने गेले. वाट चुकली, पेट्रोल संपले. गाडी सोडून ती मंडळी पायी निघाली आणि पाचही जण तहानेने मृत्यू पावले.

म्हणून तेथील जाणते लोक तीन गोष्टी निक्षून सांगतात. माणशी रोजचे निदान पाच लिटर पाणी, आणि वर काही दिवसांचा साठा, बरोबर असावा. गाडी अडली तरी ती सोडू नये. तिची सावली मिळते, आणि विमानातून माणसापेक्षा मोटार लवकर दिसते. तिसरी गोष्ट म्हणजे, कोठे जातो व केव्हा पोहोचू हे मागे कोणास तरी सांगून निघावे. चिरंजीव प्रत्येक मुक्कामाहून ॲडलेडच्या मित्रास कळवीत होते. ठरल्या वेळी निरोप न आल्यास पोलिसांस वर्दी देण्याचे त्या मित्राने पत्करले होते.

बंधुभगिनींनो, ज्याची कोणी वाट पाहत आहे, त्याचाच शोध वेळेवर सुरू होतो. परदेशी गेलेल्या मुलांची नोकरी जाते, प्रकृती बिघडते, आणि घरच्यांस दुःख नको म्हणून ती गप्प राहतात. आपणही त्यांस फोनवर पगार विचारतो, बढती विचारतो. मग संकट सांगण्यास त्यांची जीभ कशी रेटावी? मुलांनी निरोप ठेवावा, आणि तो ऐकून घेणारे घर आपण राखावे. मंडळाने परदेशस्थ ज्ञातिबांधवांची गावनिहाय यादी करून प्रत्येक नव्याने जाणाऱ्या मुलाच्या हाती द्यावी, ही आमची नम्र सूचना आहे.