कवितेतली माती, पायाखालची माती

(म्हसळा तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत पावसाच्या तोंडावर भरलेल्या युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय.)



मला सांगितलं होतं, अत्याचारावर बोल. मी मातीवर बोलणार आहे. लगेच चुळबुळ नको. शेती हा बागायतदारांचा विषय, आपला विषय माणुसकीचा, असं ज्याला वाटतं त्यालाच मला हे ऐकवायचंय.

गेल्या पन्नास वर्षांत आपण जी कविता लिहिली तिच्यात माती ढिगानं आहे. मातीत रक्त, मातीत घाम, मातीत गाडलेला बाप. मीही लिहिलंय. पण परवा पाळी संपवून बसलो आणि स्वतःलाच विचारलं, च्यायला, तुझ्या वाडीच्या मातीचा सामू किती? ती आंबट आहे का खारी? तिच्यात कर्ब किती? एकाचंही उत्तर नाही. जिच्या नावानं आम्ही छाती पिटतो तिची साधी ओळख आम्हाला नाही. कवितेतली माती फुकट मिळते. पायाखालची मिळत नाही, आणि मिळाली तरी टिकत नाही. का टिकत नाही, तेवढंच आज बोलतो.

म्हसळ्याची माती ढोबळमानानं दोन तऱ्हेची. डोंगरउतारावर जांभ्याची तांबडी, आणि खाली राजपुरीच्या खाडीच्या अंगाला खारी. इथं चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तो उतारावरचा चुना, पोटॅश, मॅग्नेशियम धुऊन खाडीत नेतो. मागं राहतं लोह आणि ॲल्युमिनियम. माती आंबट होते आणि आपण टाकलेला स्फुरद हे लोह-ॲल्युमिनियम धरून बसतं, मुळाला सोडत नाही. खाली खाडीकडं वेगळं दुखणं. बांधाला खांड पडली की भरतीचं पाणी आत शिरतं. उन्हाळ्यात उघड्या जमिनीतली ओल वर चढते, पाणी उडून जातं, मीठ वर राहतं. पहिल्या पावसाच्या पाण्यात ते मीठ धुऊन उघाडीतून बाहेर काढल्याशिवाय भाताचं रोप जगत नाही. म्हणजे खारजमिनीत एकट्याची शेती नसतेच. बांध सगळ्यांचा, उघाडी सगळ्यांची. एकाच्या शेतापुढं खांड पडली तर पाणी पुढच्याची जात विचारून थांबत नाही.

पण गाळाची, पाणथळ जमीन कुणाची आणि कातळाला टेकलेली वरकस कुणाची, हे मी कशाला सांगू? इथं बसलेल्या कुठल्याही म्हातारीला विचारा. ती बोट दाखवून सांगेल.

आपले आजे-पणजे माती ओळखत नव्हते असं कुणी म्हणालं तर त्याला दम द्या. गावाची शीव कुठली, पाणी कुठं मुरतं, कुठल्या खाचरात कुठलं बी लावायचं, हे त्यांना तोंडपाठ होतं. काळा रता, भुरा रता ही खाऱ्या पाण्याला दाद न देणारी भातं आधी कोकणातल्या कसणाऱ्यांनी सांभाळली, कृषी खात्यानं नंतर त्यांतून निवड केली. मग माती सुधारली का नाही? तर खोती. अर्धेल म्हणजे भाताचा अर्धा वाटा खोताचा. आता हिशेब करा. माती सुधारायला तीन-चार पावसाळे लागतात. पाला घाला, शेणखत घाला, बांध घाला, मग कुठं ती हळूहळू वळते. कुळानं हे सगळं करायचं, पीक वाढलं की वाढीचा अर्धा खोतानं उचलायचा, आणि खोताची मर्जी फिरली की जमीनच जायची. माती सुधारणं हा गरिबाचा तोट्याचा धंदा होता. एका म्हाताऱ्यानं मला एवढंच सांगितलं, "पाला घालून काय करू बाबा? पुढल्या साली बांदावर मालक हुबा." यात अडाणीपणा कुठं आहे?

या हिशेबाविरुद्ध याच जिल्ह्यातली माणसं उठली होती. २७ ऑक्टोबर १९३३ ला अलिबागजवळच्या चरी गावात कुळांची सभा झाली आणि शेतं न कसण्याचा संप सुरू झाला. नारायण नागू पाटील पुढारी. संप १९३९ पर्यंत चालला. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडण्याचं बिल मांडलं, १० जानेवारी १९३८ ला हजारो कुळं मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेली. बिल तेव्हा पास झालं नाही, खोती कायद्यानं जायला १९४९ उजाडलं. आपलं म्हसळा तर तेव्हा जंजिऱ्याच्या नवाबाच्या संस्थानात, ते विलीन झालं १९४८ ला. पुढं १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला, कुळ मालक झालं. पण कुठलं कुळ? ज्याचं नाव कागदावर होतं ते. तोंडी कसणारा, गडी म्हणून राबणारा तसाच राहिला. १९५८ च्या कायद्यानं महारकी वतन गेलं, ते जायलाच हवं होतं. वतनाच्या जमिनी पैसे भरून परत मिळाल्या, त्याही नव्या शर्तीवर. दादासाहेब गायकवाडांना १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह करावे लागले ते उगाच नाही.

आता राब. मुंबईच्या पोरांसाठी सांगतो. शेण, टहाळ, पातेरा, गवत, वर मातीचा थर, आणि उन्हाळ्यात आग. पाऊस पडला की त्याच जागी भाताची रोपं करायची. याला मागास म्हणून हसतात. राबानं तणाचं बी जळतं, राखेतून पोटॅश आणि चुना मिळतो, आंबट माती थोडी निवळते. यात अक्कल आहे. पण पाल्यातला नत्र आणि कर्ब धुरात जातो. जो पाला कुजून मातीचं पोट भरला असता तो आपण आकाशाला देतो. शिवाय टहाळासाठी डोंगर बोडका होतो आणि बोडक्या डोंगराची माती पुन्हा खाडीत. हे जोतीबांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मांडून ठेवलंय. डोंगरावरचा पालापाचोळा, शेण, मेलेल्या किड्यामुंग्यांचं सत्त्व पावसानं वाहून जातं, ते शेतात मुरावं म्हणून सरकारनं पलटणी आणि पोलीस कामाला लावून ताली-बंधारे घालावेत, असं त्यांनी सांगितलं. आणि या सगळ्या नासाडीचं मूळ त्यांनी अविद्येत दाखवलं. म्हणजे मातीचं शिक्षण हा विषय आपल्या चळवळीत कुणा तज्ज्ञानं बाहेरून आणलेला नाही.

मी बंदरावर खताच्या गोण्या वाहतो. देशाला लागणारा पोटॅश जवळपास सगळा बोटीनं येतो. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची होती, २०१८ पासून ४५ ची झाली. पाठीला पाच किलोचा फरक लगेच कळतो. मातीला काय फरक पडतो ते पाठीला कळत नाही, त्याला शिकावं लागतं. नुसता युरिया फेकला तर आपल्या पावसात निम्माशिम्मा वाहून जातो आणि वर्षानुवर्षं नुसता तोच टाकला तर माती आणखी आंबट होते. डॉ. ना. कृ. सावंतांची चारसूत्री पद्धत यावरच आहे. भाताचा पेंढा-तूस मातीला परत, गिरिपुष्पाचा पाला गुंठ्याला साधारण ३० किलो, नेमक्या अंतरावर लावणी, आणि खताची गोळी चिखलात खोल. गिरिपुष्प म्हणजे आपली उंदीरमारी. तिची फांदी पावसाच्या सुरुवातीला बांधावर खोचली की लागते. ती हवेतला नत्र मुळाशी आणते. तिला ना बोट लागते ना गोणी.

सरकारचं म्हणाल तर १९ फेब्रुवारी २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका आहे. बारा तपासण्या, छापील कार्ड. चांगली गोष्ट. पण नियम काय होता? कोरडवाहू भागात दहा हेक्टरला एक नमुना. दहा हेक्टर म्हणजे हजार गुंठे. आपल्या वाडीत कुणाची जमीन पाच गुंठे, कुणाची बारा. म्हणजे खालच्या गाळाच्या मळ्यातली माती आणि वरच्या कातळाची माती एकाच चौकोनात पडली, तर नमुना कुणाच्या शेतातला घेणार? आणि कार्ड कुणाला? ज्याचा सातबारा त्याला. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला इथून गेलं. आधी मदत ठरली बागांना हेक्टरी ५० हजार, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. हिशेब सगळीकडं हेक्टरचा आहे आणि आपण गुंठ्यांतली माणसं आहोत.

आता तुमच्यातला हुशार पोरगा उठेल आणि म्हणेल, बाबासाहेबांनी खेडं सोडा सांगितलं, तू परत चिखलात का ओढतोस? बरोबर आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानसभेत त्यांनी खेड्याचं सोवळं पार उतरवलं. मीही खेड्याची आरती ओवाळायला आलो नाही. पण १९१८ ला याच माणसानं लहान शेतीवर निबंध लिहिला. शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, भांडवल आणि साधनं किती आहेत त्यावर ठरतं, आणि जास्तीच्या हातांना उद्योग पाहिजे, असा त्याचा मुद्दा. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेती राज्याची, ती जातपात न बघता गावकऱ्यांनी सामुदायिक कसायची, आणि पाणी, जनावरं, अवजारं, बियाणं राज्यानं पुरवायचं, असं कलम आहे. त्या यादीत खतही आहे. खत, दोस्तांनो! संविधानात घालण्यासाठी लिहिलेल्या मसुद्यात त्यांनी खत लिहिलं. आपण ते पान वाचलं नाही.

दुसरी अडचण आपली आपण बघायची. कर्जत तालुक्यात नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताचं नवं तंत्र उभं केलं. नांगरणी नाही, चिखलणी नाही, गादीवाफ्यावर टोकणी, कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजवायची. गांडुळं परत येतात, माती सुधारते. पण त्यात तणनाशक येतं आणि लावणी जाते. लावणी म्हणजे आपल्या बायांची आषाढातली मजुरी. मातीला जे बरं ते मजुराला बरं असतंच असं नाही. म्हणून मी तुम्हाला नुसतं "सेंद्रिय करा" असं सांगणार नाही. जमीन मालकाची आणि सेंद्रिय घाम आपला, हा सौदा नको. माती सुधारायची तर ती आपल्या नावावर, नाहीतर पाच-दहा वर्षांच्या लेखी करारावर.

हे जमतं का? जमलंय. तेलंगणात झहीराबादजवळ पस्तापूरला १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीचं काम उभं राहिलं. गावोगावचे संघम, त्यात बहुतेक दलित बाया. लिहिता-वाचता न येणाऱ्यांनी पडीक, खडकाळ जमिनी मिळून कसायला घेतल्या, शेणखत घातलं, एका शेतात दहा-दहा पिकं घेतली, बियाणं स्वतःच्या घरात ठेवलं. २००८ ला स्वतःचा रेडिओ सुरू केला. २०१९ ला त्यांना इक्वेटर पारितोषिक मिळालं. त्यांच्याकडं पाऊस आपल्या चौथाईच्या आसपास.

आणि आपल्याकडं? सातबाऱ्यावर मेलेल्या आज्याचं नाव, वारस पस्तीस, त्यातले तीस मुंबई-ठाण्यात. जमीन पडीक. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं बारा औद्योगिक शहरं मंजूर केली, त्यांत दिघीचं नाव आहे. दलाल येतो आणि गोड बोलतो, "पडीक तर आहे, देऊन टाका." ज्याला आपल्या मातीची किंमत माहीत नाही त्याला तो सांगेल तीच किंमत.

म्हणून काम सांगतो. मुंबईच्या मंडळानं वर्गणीतून नुसता मंडप घालू नये. प्रत्येक वाडीतल्या जमिनीची यादी करा, वारसनोंदी लावा, त्यात बायांची नावं घाला, कारण पाला वाहणारी आणि रोप लावणारी तीच आहे. विहारात आठवड्याला एक मातीचा वर्ग भरवा. दहावीतली पोरगी कार्ड वाचेल आणि म्हातारी सांगेल ते वहीत उतरवेल. पडीक वरकस सगळ्यांनी मिळून कसा, बांधावर गिरिपुष्प लावा. आणि ज्यांना स्वतःची एक गुंठाही नाही, त्यांना या सामुदायिक शेतात पहिला वाटा द्या. नाहीतर आपणच नवे खोत होऊ.

कार्डाची वाट बघायची नाही. नमुना आपण घ्यायचा. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची जागा सोडून शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे, प्रत्येकातली थोडी माती, सगळी एकत्र कालवून अर्धा किलो पिशवीत, वर नाव आणि गट नंबर. उद्या सकाळी सातला ज्याला यायचंय त्यानं फावडं घेऊन वाडीच्या मागच्या वरकसात यावं. उन्हं चढायच्या आत दहा पिशव्या भरू.

जयभीम.