पदरानं काढलेली दृष्ट



नोव्हेंबर २०२१ मधलं एक दृश्य तुमच्यापैकी काहींनी टीव्हीवर पाहिलं असेल. राष्ट्रपती भवनात पद्मश्री घ्यायला एक बाई आल्या. त्यांनी पदर हातात धरला आणि आपण लेकरांची काढतो तशी राष्ट्रपतींची दृष्ट काढली. त्या मंजम्मा जोगती, कर्नाटकातल्या बळ्ळारी भागातल्या लोककलावंत.

मंजम्मा जन्मल्या मुलगा म्हणून. मन मात्र बाईचं. वयात येताना ते लपेना, तेव्हा घरच्यांनी त्यांना जोगती म्हणून देवीला सोडलं. घर तुटलं. त्यांनी विषही घेतलं होतं, जीव वाचला. पुढं साडी नेसून भीक मागायची वेळ आली. अशा दिवसांत त्यांना जोगती नृत्य भेटलं. डोक्यावर देवीचा घट तोलायचा, गायचं, नाचायचं. एका ज्येष्ठ जोगतीनं त्यांना जवळ केलं, शिकवलं. त्याच मंजम्मा २०१९ मध्ये कर्नाटकाच्या सरकारी लोककला अकादमीच्या अध्यक्ष झाल्या.

ऐकून अभिमान वाटतो. पण मला त्या विषाच्या दिवसाची आठवण राहते. कला त्यांच्यापर्यंत पोचली, पण आधी घर सुटलं. आपल्या गावातल्या लेकराला ती घरात राहून का मिळू नये?

आमच्या गावात एक मुलगा आहे. रांगोळी अशी काढतो की पाय ठेवायला जीव होत नाही. पोरं त्याला 'बायल्या' म्हणायची. एकदा मीही हसले. पुढच्या दिवाळीत त्याच्या दारात रांगोळी नव्हती. ते मला लागलं.

गटाच्या हळदीकुंकवाला आम्ही त्याच्या आईकडं गेलो. तो म्हणाला, "मावशी, लोक हसतील." आम्ही म्हटलं, "तू रेषा काढ, आम्ही शेजारी बसून रंग भरतो." सात-आठ जणी बसलो. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

बायांनो, कुणा मुलाला मुलीसारखं राहावंसं वाटतं, कुणा मुलीला मुलासारखं, कुणा मुलीला मुलीचीच ओढ असते. हा आजार नव्हे. त्यावर भगत, देवाला सोडणं किंवा घाईचं लग्न हा उपाय नव्हे. तृतीयपंथी व्यक्तींचे हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये मान्य केले. २०१८ मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं, की दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं समलिंगी नातं हा गुन्हा नाही.

तुमच्या भजनात, नाटकात, लेझीमात अशा लेकराला जागा द्या. ज्याला यातलं काही येत नाही, त्यालाही तोच मान द्या. शाळेत छळ होत असेल तर दोघीतिघी मिळून गुरुजींना भेटा. मूल फार गप्प झालं, जिवाचं काही बोललं, तर त्याला एकटं सोडू नका. लहान मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे फोन नंबर लिहून ठेवा.

मंजम्मांनी देशाच्या राष्ट्रपतींची दृष्ट काढली. आपल्या गल्लीतल्या या लेकरांची दृष्ट आपणच काढायची.