महिला क्रीडा : प्रश्न क्षमतेचा की संधीचा?

(भिलाई येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्या भिलाईच्या इतिहासात १९५९ या वर्षाला विशेष स्थान आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला कोलकात्याच्या आरती साहा यांनी इंग्लिश खाडी १६ तास २० मिनिटांत पोहून पार केली. असा पराक्रम करणाऱ्या त्या पहिल्या आशियाई महिला होत. तेव्हा त्यांचे वय अवघे १९ वर्षांचे होते. १९६० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला क्रीडापटू ठरल्या.

या यशापूर्वीचे अपयश मात्र फारसे सांगितले जात नाही. ऑगस्टमधील पहिल्या प्रयत्नात मार्गदर्शक होडीच उशिरा आली. प्रवाह प्रतिकूल झाला आणि इंग्लंडचा किनारा जवळ आला असताना त्यांना माघार घ्यावी लागली. महिनाभराने त्याच मुलीने तीच खाडी जिंकली. कर्तृत्व व्यक्तीचे असते. परंतु होडी वेळेवर आणणे ही व्यवस्थेची जबाबदारी असते.

जगाचा अनुभवही वेगळा नाही. १९२६ मध्ये अमेरिकेच्या गर्ट्रूड एडर्ली यांनी हीच खाडी त्यापूर्वीच्या पाचही पुरुषांपेक्षा कमी वेळात पार केली. तरीही ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी १९०८ पासून असलेली १५०० मीटर फ्रीस्टाइल शर्यत महिलांना २०२१ मध्ये, टोकियो येथे, प्रथम खुली झाली. १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकणाऱ्या डोना डी व्हरोना यांनी लवकरच स्पर्धात्मक जलतरण सोडले. कारण पुरुष जलतरणपटूंना मिळणारी विद्यापीठीय शिष्यवृत्ती महिलांसाठी नव्हती. सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई करणारा कायदा अमेरिकेत १९७२ मध्ये झाला. पुढे त्याच्या रक्षणासाठी डी व्हरोना यांनी सातत्याने पाठपुरावा केला.

आपल्या शेजारच्या दुर्गच्या सबा अंजुम यांनी भारतीय महिला हॉकी संघाचे नेतृत्व केले. त्यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. अशी गुणवत्ता अनेक गावांत असते. तिला हवी असते नियमित सरावाची सोय. १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या 'खेलो भारत नीती'त महिला, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि आदिवासी समाज यांच्या सहभागावर भर आहे. हे धोरण तलावापर्यंत पोहोचले की नाही, याची कसोटी साधी आहे : मुलींना सरावासाठी सोयीची वेळ आहे का? कपडे बदलण्यास सुरक्षित खोली आहे का? महिला प्रशिक्षक आहेत का? स्पर्धेमुळे बुडालेल्या परीक्षेची पर्यायी सोय आहे का?

आपल्यापैकी अनेकजण उद्या प्रशासनात जाल. तेव्हा पदकांची यादी वाचण्यापूर्वी हे चार प्रश्न अवश्य विचारा. होडी वेळेवर पोहोचविणे आपल्या हाती असेल.